मोसमाच्या पहिल्या शर्यती: एफटीपी वाढला, तरी घोळका का सुटतो?

मागचंचाक (धागाकर्ता)

सायकल शर्यतींचा मोसम सुरू झालाय, त्यामुळे हा धागा. ऑफ सीझनभर ट्रेनरवर (घरात सायकल जागेवर चालवायचं यंत्र) घाम गाळला, सुट्टीच्या दिवशी लांब आणि सावकाश राईड्स केल्या. २० मिनिटांच्या टेस्टवरून (सरासरीच्या ९५ टक्के) काढलेला एफटीपी (साधारण तासभर टिकेल एवढी जास्तीत जास्त पॉवर) २४१ वरून २६३ वॅटवर गेला. वजन ७४ किलो. तेव्हा पहिल्या शर्यतीला जरा ताठ मानेनेच उभा होतो.

सर्किट सपाट, फेरीत चार काटकोनी वळणं, एकूण वेळ तास-सव्वातास. घोळक्यात मुद्दाम मागे बसलो होतो, कारण मागे वारा कमी लागतो. निम्म्याहून थोडं पुढे गेल्यावर एका वळणानंतर पुढच्या चाकापासून दहा मीटर अंतर पडलं. दहाचे वीस झाले आणि घोळका गेला तो गेलाच.

घरी येऊन फाइल उघडली. सुटेपर्यंतची सरासरी पॉवर २०१ वॅट, नॉर्मलाइज्ड (चढउतार धरून काढलेली सरासरी) २५१, आणि शून्य वॅटवर, म्हणजे पायडल न मारता, गेलेला वेळ तब्बल २४ टक्के! एफटीपीच्या खालीच होतो की मग. ट्रेनरवर २४० वॅटला पाऊण तास गप्पा मारत नाही, पण निभावतो नक्की. इथे २०१ ला पाय संपले.

जाणकारांनी सांगावं, हे होतं कसं? आणि दुसरं: मोसमाच्या सुरुवातीला दर आठवड्याला शर्यत करून फॉर्म आणायचा, की आधी सराव पुरा करून मग शर्यतींना हात घालायचा?

संथगती

वाचतोय. माझंही अगदी हेच, फक्त आकडे तुमच्याहून लहान.

वॅटखाता

२६३ भागिले ७४ म्हणजे किलोमागे साडेतीन वॅट. वाईट नाही, पण सपाट रस्त्यावर किलो कोणी विचारत नाही, तिथे नुसते वॅट चालतात. तुमच्याबरोबर ८५ किलोचा ३०० वॅटवाला असेल तर किलोमागे त्याचे तुमच्याएवढेच, पण वारा काही त्याला वजनाच्या हिशोबाने जास्त लागत नाही. एफटीपी वाढवा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? बाकी डावपेच वगैरे नंतरच्या गोष्टी.

चाकोरीबाहेर

वॅटखाता, एफटीपी वाढला तर बरंच, पण या फाइलमध्ये घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच ठिकाणी. २४ टक्के वेळ पायडल थांबलेलं आहे. सपाट सर्किटवर पाव वेळ पाय थांबतात कधी? तर माणूस शेपटीला असतो तेव्हा. पुढचा ब्रेक मारतो, मग आपण मारतो, मग सुटलेलं अंतर भरायला जीव तोडून ओढतो.

सिग्नल सुटल्यावर गाड्यांची रांग कशी हलते बघा. पहिली गाडी निघून गेलेली असते आणि विसावी अजून जागेवरच असते. वळणावर घोळक्याचं तेच होतं. पुढचे दहा जण ३६ च्या वेगाने वळतात. मागच्यांपर्यंत प्रत्येकाने थोडा-थोडा जास्त ब्रेक मारलेला असतो, त्यामुळे शेपटी २८ ला येते. तोवर पुढचे पुन्हा ४२ ला लागलेले असतात.

आता हिशोब. तुम्ही आणि सायकल मिळून धरू ८३ किलो.

२८ वरून ४२ ला जायला लागणारी गतिज ऊर्जा सुमारे ३,१०० जूल. ती आठ सेकंदांत दिली तर ३९० वॅट नुसत्या वेग वाढवण्याला. वारा आणि टायरचं घर्षण मिळून वर दीडशेच्या आसपास. झाले साडेपाचशे.

३६ वरून ४२ ला जायला सुमारे १,५०० जूल, म्हणजे आठ सेकंदांना १९० वॅट. पुढे वारा जास्त म्हणून त्याचे दोनशे धरा. एकूण चारशेच्या आत.

एकच वळण, एकच घोळका, आणि फरक दीडशे वॅटचा. तोही दर फेरीत चार वेळा.

क्रिटिकल पॉवरच्या (बराच वेळ टिकवता येते ती कमाल पॉवर, एफटीपीच्या जवळपासच) वर काम करायला शरीराकडे मर्यादित साठा असतो, हौशी सायकलपटूंमध्ये साधारण १५ ते २५ किलोजूल. शेपटीला प्रत्येक वळण त्यातले दोन-सव्वादोन किलोजूल खातं, पुढे तेच एकाच्या आसपास. साठा मधल्या सरळ पट्ट्यात भरून निघतो हे खरं, पण शेपटीवाला सरळ पट्ट्याचा अर्धा भाग अंतर भरण्यातच घालवतो. भरून निघायला वेळ कुठे मिळतो?

मागचंचाक

बाप रे. पण मग नॉर्मलाइज्ड पॉवर २५१ च कशी दाखवते? तीत हे सगळं धरलेलं असतं ना?

चाकोरीबाहेर

अर्धवट धरलेलं असतं. नॉर्मलाइज्ड काढताना आधी ३० सेकंदांची सरकती सरासरी घेतात, मग तिचा चौथा घात, त्या सगळ्यांची सरासरी आणि शेवटी चौथं मूळ. तुमचा आठ सेकंदांचा साडेपाचशेचा झटका त्या ३० सेकंदांत आधीच चेपला जातो, कारण त्याच्या अलीकडेच तुम्ही शून्यावर होता. लांब चढाला हा आकडा छान बोलतो. काटकोनी सर्किटवर तो पायांची हकीकत पूर्ण सांगत नाही. फाइलमध्ये ५०० वॅटच्या वर किती वेळा गेलात आणि शेवटच्या काही फेऱ्यांत ते किती लागोपाठ होतं, ते बघा.

शंकासूर

एक शंका. २०१८ मध्ये बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा वायुगतिकीचा अभ्यास केला होता. त्यात घोळक्याच्या पोटात आणि मागच्या भागात बसलेल्याला एकट्या स्वाराच्या फक्त ५ ते १० टक्के वाऱ्याचा रोध लागतो असं निघालं. मग धागाकर्त्याने मागे बसणं शास्त्रशुद्धच होतं की! तुम्ही त्याला पुढे वाऱ्यात ढकलताय.

चाकोरीबाहेर

तो अभ्यास स्थिर वेगाने सरळ जाणाऱ्या, अगदी खेटून बसलेल्या १२१ जणांचा आहे. ते संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात मोजलंय, आणि तिथे वळणं नव्हती. आपल्या शर्यतीत तीस-चाळीस जण, दोन चाकांत मीटरभर अंतर, आणि दर मिनिटाला कोणीतरी ब्रेक लावतो. वाऱ्यात वाचवलेलं सगळं वळणावर व्याजासकट द्यावं लागतं. आणि पुढे म्हणजे नाकावर बसा असं म्हणत नाहीये मी. आठवा ते पंधरावा नंबर. वारा अडलेला असतो आणि घोळका अजून रबरासारखा ताणलेला नसतो.

मोठ्या शर्यतीतही हेच. इटलीतली मिलान-सान रेमो जवळजवळ ३०० किलोमीटरची, आणि शेवटचा पोज्जोचा चढ ३.७ किलोमीटरचा, सरासरी ४ टक्क्यांहूनही कमी. चढ म्हणून त्यात फार काही नाही. पण त्याच्या पायथ्याला पहिल्या वीस-तीसात असण्यासाठी जी हातघाई होते ती बघा. जगातले सगळ्यात ताकदवान लोकही मागून वर येण्याचा भुर्दंड भरायला तयार नसतात.

वॅटखाता

हिशोब मान्य. तरी म्हणेन, एफटीपी ३०० असता तर हे सगळं करूनही टिकला असता.

चाकोरीबाहेर

टिकला असता. आणि तरी शेपटीलाच असता :)

दातेरी

वॅटवाल्यांचं झालं असेल तर गिअरबद्दल बोलू का? वळणाच्या आधी कोणत्या गिअरमध्ये होतात, धागाकर्ते? फाइलमध्ये केडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) असेल.

मागचंचाक

बघितलं. वळणातून निघताना केडन्स ५४-५८ दिसतोय. पुढे ५२ दात्यांचं चक्र, मागे बहुतेक १३ चं.

दातेरी

वाटलंच होतं. ५२-१३ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास ८.४ मीटर जाते. २८ च्या वेगाला तो ५५ चा केडन्स. गुडघ्याने दगड ढकलायचा आणि पुढचा पळताना बघायचा. तेच ५२-१७ असतं तर साडेसहा मीटरच्या आत, २८ ला केडन्स ७२-७३. दोन जोरकस फेऱ्यांत सायकल हलते. ४२ ला पोचेपर्यंत पाय एकशे नऊला फिरायला लागतात, तोवर एक-दोन गिअर टाकायचे.

ब्रेक लावायच्या आधी गिअर हलका करायचा, वळणात नाही. वळणात पाय थांबलेले असतात, गिअर पडत नाही, मग नंतर घाईत एकदम दोन-तीन गिअर पाडायला जाल तर चेन नेमकी तेव्हाच अडखळते. ही सवय एकट्याने, मोकळ्या रस्त्यावर लागते, शर्यतीत नाही. हात खालच्या वाकलेल्या हँडलवर, बाहेरचा पाय खाली दाबलेला, नजर पुढच्याच्या चाकावर नाही तर त्याच्या खांद्यावरून वळणाच्या तोंडावर. चाकाकडे बघणारा नेहमी उशिरा आणि जास्त ब्रेक मारतो. शेपटीला वेग २८ ला येतो तो असा.

अवांतर: कोणाच्याही मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक अडकवून ठेवू नका. तो हलला की पडणार आपण, तो नाही.

लांबपल्ला

इथे सरावाबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. सगळा ऑफ सीझन ट्रेनरवर अर्ग मोडमध्ये गेला असेल तर पाय एकसारख्या वॅटला सरावतात. ट्रेनर २४० म्हणाला की २४०, केडन्स काहीही असो. शर्यतीत लागतं ते उलटं: शून्य, साडेपाचशे, तीनशे, शून्य. एफटीपी खरा आहे, फक्त तो या कामासाठी वापरायला पाय शिकलेले नाहीत.

मोसमाच्या आधीचे तीन-चार आठवडे मी आठवड्यातून एक दिवस ३०-१५ करते. ३० सेकंद जोरात, १५ सेकंद निम्म्या जोरावर. असे १३ झाले की एक संच, साडेनऊ मिनिटांचा. मध्ये ३ मिनिटं आराम, एकूण ३ संच. नॉर्वेच्या रोन्नेस्टाड यांच्या गटाने हा प्रकार पाच-पाच मिनिटांच्या लांब इंटरव्हल्सशी ताडून बघितला होता, आणि चांगल्या सरावाच्या सायकलपटूंमध्ये छोट्या इंटरव्हल्सची बाजू वरचढ निघाली. पहिला संच जमतोय असं वाटतं. दुसऱ्याच्या आठव्या-नवव्याला ३० सेकंद फार लांब वाटायला लागतात, आणि १५ तर येतात कधी नि जातात कधी कळत नाही. अर्ग बंद करून करा, नाहीतर मशीन वॅट बदलेपर्यंत निम्मा वेळ जातो.

दुसरा दिवस शर्यतीसारखा. वळणाचा वेग धरून, बसल्या जागेवरून उठून आठ-दहा सेकंद पूर्ण जोर, आणि लगेच आराम नाही तर दीड मिनिट एफटीपीच्या थोडं खाली. मग पुन्हा. झटक्यानंतर आराम मिळतो या कल्पनेवरच सगळे फसतात. शर्यतीत झटक्यानंतर वेग असतो, आराम नसतो.

बाकीचे दिवस हळू. खरंच हळू, बोलता येईल इतकं. सायलर यांची ८०-२० वाटणी (८० टक्के सराव सोपा, २० टक्के कठीण) सगळ्यांना तोंडपाठ असते, पण प्रत्यक्षात बहुतेकांच्या सोप्या राईड्स मध्यम होतात आणि कठीण राईड्सही मध्यमच होतात.

संथगती

लांबपल्ला, वाचनखूण साठवली. ३० सेकंदांना किती वॅट धरायचे?

लांबपल्ला

आकडा धरून सुरू करू नका. पहिल्या संचाची सरासरी तिसऱ्या संचात टिकली पाहिजे एवढंच बघा. साधारण पाच मिनिटं जेमतेम काढता येतील त्या पॉवरपासून सुरू करा. पहिल्या दिवशी थोडं कमीच ठेवा.

चाकोरीबाहेर

आता धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न राहिलाच. माझं मत: सुरुवातीच्या शर्यती कराच, आणि निकाल विसरून करा. प्रत्येक शर्यतीला एकच काम ठरवून जा. उदा. पहिला अर्धा तास पंधराव्या नंबरच्या मागे जायचं नाही, मग नंतर सुटलात तरी हरकत नाही. पुढच्या वेळी एकदा तरी ब्रेकअवेत (घोळक्याच्या पुढे निसटलेल्या तुकडीत) जायचं, पकडले गेलात तरी चालेल. घोळक्यात जागा राखणं ट्रेनरवर शिकता येत नाही. घोळका आतून सारखा उलटत असतो. दोन्ही कडांनी लोक पुढे येत राहतात, त्यामुळे जो नुसता जागेवर बसतो तो न कळत मागे जातो. वर यायचं ते वेग मंदावतो तेव्हा, आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने. वेग चढलेला असताना बाहेरून येणारा दमूनच पोचतो.

लांबपल्ला

इथे मी असहमत. दर आठवड्याला शर्यत म्हणजे शनिवारी पाय मोकळे करायची राईड, रविवारी शर्यत, सोमवारी आराम, मंगळवारी पाय अजून जड. उरलं काय? तासाभराच्या शर्यतीचा टीएसएस (वेळ आणि जोर मिळून सरावाच्या ताणाचा आकडा) नव्वदच्या आसपास. तेवढ्यासाठी साडेतीन तासांची राईड बुडते, जिचा दीडशेच्या वर झाला असता. असे सलग पाच-सहा आठवडे गेले की शर्यती खूप होतात आणि बेस (लांब, सावकाश सरावाचा पाया) पातळ होतो. ऐन मोसमात माणूस जागेवर अडकतो. मी तरी सुरुवातीला एक आठवडा सोडून एक शर्यत करते.

चाकोरीबाहेर

टीएसएसची बेरीज घसरली म्हणून घाबरायचं कारण नाही. सीटीएल ही टीएसएसची ४२ दिवसांची भारित सरासरी आहे, तिला शर्यतीत काय शिकलो ते दिसत नाही. पण एक आठवडा सोडून एक हे ज्याला नोकरी-घर सांभाळून करायचंय त्याला जास्त झेपेल, हे मान्य. आणि शर्यतीच्या आठवड्यात ३०-१५ नको. शर्यत हाच त्या आठवड्याचा एक कठीण दिवस.

शंकासूर

खाण्याचं काय? तासाभराच्या शर्यतीत जेल (साखरेचं पाकीट) घ्यायचं का?

लांबपल्ला

तासाभराला गरज नाही, आदल्या दिवशी आणि सकाळी नीट खाल्लेलं असलं की झालं. दोन तासांच्या पुढे मात्र ताशी ६० ग्रॅम कार्ब तरी हवेत. नुसतं ग्लुकोज आतड्यातून ताशी ६० ग्रॅमच्या आसपासच शोषलं जातं. फ्रुक्टोजची वाट वेगळी, म्हणून दोन्ही मिळून ९० पर्यंत जाता येतं. पण ९० ची सवय पोटाला सरावात लावा. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग केलात तर पायांच्या आधी पोट संप करेल.

मागचंचाक

सगळ्यांचे आभार. पुढची शर्यत झाली म्हणून धागा वर काढतोय. तसंच सर्किट, वळणं तीन, पण एक लांब पट्टा आडव्या वाऱ्याचा. काम एकच ठरवलं होतं: पंधराच्या आत राहायचं.

पहिल्या काही फेऱ्यांत पंधरावरून पंचविसावर कधी गेलो ते कळलंच नाही. चाकोरीबाहेर म्हणाले तसं, काहीही न करता. मग वेग मंदावला की आतून एक-एक जागा घेत गेलो. वळणाआधी १७ वर, कधी १९ वर. शेवटपर्यंत घोळक्यात! सरासरी २१४, म्हणजे मागच्यापेक्षा जास्त. नॉर्मलाइज्ड २४६, म्हणजे कमी. शून्य वॅटचा वेळ १५ टक्के.

घोळका दोनदा फुटला, दोन्ही वेळा त्या आडव्या वाऱ्याच्या पट्ट्यात. दुसऱ्या वेळी मी अगदी काठावर वाचलो. तिथे पंधरावा असूनही वारा पूर्ण लागत होता. ते का?

चाकोरीबाहेर

मस्त! आडव्या वाऱ्यात आडोसा सरळ मागे मिळत नाही, तिरका मागे मिळतो. म्हणून लोक रस्त्यावर तिरकी रांग लावतात. वारा डावीकडून असेल तर प्रत्येक जण पुढच्याच्या उजवीकडे थोडा मागे. रस्त्याची रुंदी संपली की रांग संपली. अर्ध्या रस्त्यावर शर्यत असेल तर त्या रांगेत सहा-सात जण मावतात. उरलेले रस्त्याच्या कडेला चिकटून एकामागे एक, आणि त्यांना आडोसा जवळजवळ नाही. तिथे पंधरावा असणं म्हणजे दुसऱ्या रांगेत असणं.

दोन उपाय. एक, त्या पट्ट्याच्या आधीच्या वळणाला पहिल्या सहात असणं आणि मग आपली पाळी ओढून फिरत राहणं. रांगेत ओढायला नकार दिलात तर ती तुम्हाला मागे टाकतेच. दुसरा, ते जमलं नाही तर कडेला चिकटून मरण्यापेक्षा मागच्या दोघा-तिघांना हाक मारून दुसरी रांग सुरू करणं. चार जण मिळाले तरी पुढची रांग सहसा हाताबाहेर जात नाही, आणि पट्टा संपून वारा पाठीवर आला की दोन्ही पुन्हा जुळतात.

दातेरी

आणि त्या पट्ट्यात जायच्या आधी पाणी पिऊन घ्या. रांग लागल्यावर बाटलीला हात घालायची सोय नसते.

वॅटखाता

अभिनंदन! सरासरी २१४ ला शेवटपर्यंत, म्हणजे एफटीपी वाढवायला जागा आहे अजून :)

मागचंचाक

हा हा. स्प्रिंटमध्ये मात्र डावीकडे कोंडलो गेलो, ब्रेक धरूनच रेषा ओलांडली. पाय होते, जागा नव्हती.

लांबपल्ला

शेवटच्या दोन किलोमीटरची पॉवर आणि वेगाची फाइल टाका. कोणाच्या चाकावर होतात आणि शेवटच्या वळणाला कितव्या नंबरवर, तेही लिहा. वारा उजवीकडून होता का? असेल तर सगळे डावीकडे सरकणार हे ठरलेलंच असतं.